चावी फिरवण्याआधी : ट्रॅक्टर चालवणाऱ्यांचे प्रश्न, आप्पांची उत्तरं

या महिन्यात पत्रं जास्त आली. मृगाला अजून अवकाश आहे, हळद शिजवायचे कुकर थंड झालेत, आणि गावोगाव ट्रॅक्टर एका रानातून निघून दुसऱ्या रानात शिरतोय. बिघाड याच दिवसांत होतात आणि अपघातही याच दिवसांत. नव्या वाचकांसाठी थोडं माझ्याबद्दल. मी वसमत तालुक्यातला शेतकरी. १९८६ साली एका मालकाकडं सालगडी म्हणून लागलो आणि त्यांच्या ट्रॅक्टरवर बसलो, तेव्हा वय बावीस. अकरा वर्षांनी स्वतःचा महिंद्रा २७५ घेतला, तो आजही दारात आहे. इंजिनिअर नाही, जे हातानं केलंय तेवढंच सांगतो.

गंगाखेडहून एक वाचक : आप्पा, मागच्या वर्षी जुना ट्रॅक्टर घेतला. परवा नांगरता नांगरता डिझेल संपलं. कॅनमधून दहा लिटर ओतलं, पण सेल्फ मारून मारून बॅटरी बसली तरी गडी सुरू होईना. मिस्त्री दोन दिवसांनी येतो म्हणतो. घरी काही करता येईल का?

तुमच्या ट्रॅक्टरनं एअर घेतलीय. टाकी रिकामी झाली की नळ्यांत हवा शिरते. डिझेलला मागून ढकललं की ते पुढं सरकतं, हवेला ढकललं की ती जागच्या जागी आकसते. म्हणून इंजिनात फवारा मारणाऱ्या नोझलपर्यंत डिझेल पोचतच नाही. अशा वेळी सेल्फ मारत बसलात तर बॅटरीमागोमाग सेल्फही जाईल. एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नका आणि मध्ये मिनिटभर थांबा. बॅटरी आधी चार्ज करून आणा, तोवर बाकीचं काम उरकतं.

टाकीत निदान दहा-पंधरा लिटर डिझेल हवं आणि खालचा कॉक उघडा हवा. मग डिझेल फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा स्क्रू शोधा. पाना लावण्याआधी त्याच्याभोवतीची माती फडक्यानं पुसा, नाहीतर तीच माती आत जाईल. स्क्रू दोन आटे ढिला करा आणि पंपाच्या अंगाला जो हातानं दाबायचा खटका असतो तो दाबत राहा. आधी साबणाच्या पाण्यासारखा नुसता फेस येईल. मग फेस विरळ होऊन सुटे बुडबुडे येतील, मधेच एखादी पिचकारी उडेल. दाबत राहा. शेवटी करंगळीएवढी अखंड धार लागते. धार लागल्यावर खटका दाबता दाबताच दुसऱ्या हातानं स्क्रू आवळायचा. थांबून आवळला तर हवा परत आत ओढली जाते. इथंच बहुतेकांचं काम फसतं, आणि मग दोष नोझलला देतात. फिल्टर दोन असतील तर टाकीकडचा आधी, पंपाकडचा नंतर, आणि शेवटी खुद्द पंपावरचा स्क्रू.

बहुतेक वेळा एवढ्यावर गडी बोलतो. नाही बोलला तर नोझलकडं जाणाऱ्या नळ्यांचे नट एक आटा ढिले करा, हातातली रेस पूर्ण खेचा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला लावा. नटापाशी डिझेल टपकू लागलं की एकेक आवळत जा. त्या वेळी हात आणि तोंड लांब ठेवा. त्या नळीत इतका दाब असतो की केसाएवढी धार कातडी फोडून आत जाते. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही, आणि आतून बोट कुजायला लागतं. तसं झालंच तर हळद लावून घरी बसायचं नाही, त्याच तासाला दवाखाना गाठायचा.

पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून डिझेल संध्याकाळी भरा, सकाळी नाही. रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्यानं पाणी धरतं, तेच पुढं पंपाला गंज आणतं. आणि कॅनच्या तोंडाला स्वच्छ सुती फडकं बांधल्याशिवाय ओतू नका. तुमचा ट्रॅक्टर जुना आहे, म्हणजे दोन्ही फिल्टर कधी बदलले ते कोणालाच माहीत नसणार. आजच बदलून टाका.

चाळीसगावहून : रोटा (रोटाव्हेटर) मारताना काळा धूर येतो, डिझेलही जास्त पितोय. पंप खोलावा लागेल का?

पंपाला हात लावू नका. आधी एअर क्लीनरची खालची वाटी काढा. जुन्या ट्रॅक्टरला ऑइलमध्ये बुडालेली जाळी असते. वाटीत तळाला काळ्या मातीचा लगदा बसलेला असेल तर इंजिनला दमा लागलाय असं समजा. धुळीच्या दिवसांत ही वाटी रोज बघायची, डिझेलनं धुवायची आणि खुणेपर्यंतच नवं ऑइल भरायचं, खुणेच्या वर नाही. कागदी फिल्टर असेल तर तो धुवू नका, झटका किंवा बदला. इतकं करूनही धूर राहिला तर नोझल तपासून घ्या.

सेलू तालुक्यातून एक ताई : मिस्टर पुण्याला कंपनीत आहेत, महिन्यातून एकदा येतात. दारात आमचा ट्रॅक्टर उभा आहे आणि मी भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्याच्या मागं फिरते. मला शिकायचंय. सासूबाई म्हणतात बाईमाणसाला क्लच दाबणार नाही. खरं का?

ताई, खरं नाही. क्लच ताकदीपेक्षा बसण्यानं दाबला जातो. २०१९ ला मी माझ्या सुनेला शिकवलं. पहिल्या दिवशी ती पायाच्या बोटांनी क्लच दाबत होती आणि अर्ध्यातच पाय थरथरत होता. मी सीट दोन खाचा पुढं घेतली, पाठीमागं गोधडीची घडी ठेवली. मग टाच जमिनीला टेकवून तळव्याचा पुढचा भाग पेडलवर बसला आणि क्लच तळापर्यंत गेला. तिचं वजन पन्नास किलो नसेल तेव्हा. आज आमच्या घरची सगळी पाळी (वखरणी) आणि पेरणी तीच करते, आणि सरळ सरी काढण्यात ती माझ्या पुढं आहे.

शिकायला पीक निघालेलं मोकळं रान घ्या. आसपास विहीर, विजेचा खांब, बांध काही नको. मागं कसलंही अवजार नको. लो गिअरमधला पहिला, रेस कमी. आणि पहिले दोन दिवस फक्त थांबायला शिका. दहा पावलं जायचं, क्लच आणि ब्रेक एकदम दाबून थांबायचं, न्यूट्रल करायचं, हँडब्रेक ओढायचा. पुन्हा दहा पावलं. कंटाळा येईल, येऊ द्या. घाबरल्यावर माणसाचा पाय जिथं सवय आहे तिथंच जातो, म्हणून ती सवय आधी लावायची.

ट्रॅक्टरला ब्रेकचे पेडल दोन असतात. डावं चाक वेगळं, उजवं वेगळं. रानात धुऱ्यावर वळताना एकच दाबला की ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो. पण रस्त्यावर निघण्याआधी दोन्ही पेडल जोडणारी पट्टी लावलीच पाहिजे. ती न लावता वेगात एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर भोवऱ्यासारखा फिरून आडवा होतो. माझी सून अजूनही गेटमधून बाहेर पडताना वाकून त्या पट्टीला हात लावून बघते, मला ते बघून बरं वाटतं.

डिफरन्शियल लॉक, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकसाथ फिरवणारा लॉक, एक चाक फसून फिरायला लागलं तरच, सरळ जातानाच दाबायचा, आणि वळण्याआधी सोडायचा. उजव्या हाताला हायड्रॉलिकच्या दोन दांड्या असतात. एक अवजार ठरलेल्या उंचीवर धरून ठेवते, दुसरी नांगराला माती जड लागली की आपोआप थोडं उचलून घेते. रोटा आणि पेरणीला पहिली, नांगरटीला दुसरी. बहुतेक गडी वर्षानुवर्षं एकाच दांडीवर काम करतात आणि इंजिन दबतंय म्हणून रडतात. तुम्ही पहिल्यापासून दोन्ही शिका.

ट्रॉली मागं घेणं सगळ्यात अवघड. ट्रॉलीचं बूड डावीकडं न्यायचं तर स्टिअरिंग आधी उजवीकडं फिरवायचं आणि ट्रॉली वळायला लागली की तिच्या मागोमाग परत आणायचं. दोन रिकामे ड्रम ठेवा आणि त्यांच्यामधून रोज अर्धा तास मागं घ्या. आठ दिवसांत जमेल. ड्रमला धक्का लागला तर कोणाचं काही बिघडत नाही.

साडीवर चालवू नका. पंजाबी ड्रेस घालत असाल तर ओढणी घरी ठेवून या, केस बांधा, चपलेऐवजी बूट घाला. उतरताना ट्रॅक्टरकडं तोंड करून उतरायचं, उडी मारायची नाही. उतरण्याआधी अवजार जमिनीवर टेकवायचं, इंजिन बंद करायचं, चावी खिशात ठेवायची. आणि लायसन्स काढा, नुसतं रानातच चालवणार असलात तरी. रान आणि घर यांच्यामध्ये रस्ता असतोच. सासूबाईंना पहिल्या दिवशी बांधावर बसवा, त्यांनाही बघू द्या.

औसा तालुक्यातून : आमच्याकडं आता कोणी नांगरत नाही. दोन वेळा रोटा मारला की सोयाबीनला रान तयार. पण तीन वर्षं झाली, पंधरा दिवस पाऊस उघडला की माझं पीक सगळ्यांच्या आधी माना टाकतं. रान तर लोण्यासारखं मऊ दिसतं. कुठं चुकतंय?

एक कुदळ घ्या आणि रानाच्या मध्यावर गुडघाभर खड्डा काढा. वरची चार-पाच इंच माती भुसभुशीत निघेल. त्याच्याखाली कुदळ ठण्णकन वाजेल. तिथं बोटानं दाबून बघा, चपटे पापुद्रे निघतील, एकावर एक रचलेल्या भाकरीसारखे. मागच्या हंगामात तूर असेल तर तिचं एखादं खोड उपटून मुळी बघा. सरळ खाली जायला हवी ती मुळी त्या थरावर येऊन कोपरासारखी वाकलेली दिसेल. माझ्या स्वतःच्या पाच एकरांत मी अशी मुळी २०१२ ला हातात धरली आणि मला फार वाईट वाटलं, कारण तो थर मीच घातला होता.

रोट्याची पाती दर हंगामाला त्याच खोलीवर येतात आणि खालच्या मातीला चोपत जातात. वर पीठ, खाली फरशी. पहिला जोरदार पाऊस आला की पीठ बसून वर पापडी धरते, पाणी मुरायच्या ऐवजी वाहून जातं. जे मुरतं ते फरशीवर थांबतं. म्हणून पाऊस लागला की पीक पिवळं आणि उघडला की माना टाकलेली.

यंदा रोटा बाजूला ठेवा. रान आत्ता वाळून तडकलंय, हीच वेळ आहे. ट्रॅक्टरला चिझल नांगर किंवा सबसॉयलर लावून दीड फुटापर्यंत फाडून घ्या. हे काम कोरड्या जमिनीतच करायचं. ओल्या जमिनीत तो फाळ लोण्यातून सुरी गेल्यासारखा जातो आणि थर काही फुटत नाही. मग पलटी नांगरानं उताराला आडवं नांगरा. ढेकळं डोक्याएवढी निघतील, निघू द्या. त्यांना पुन्हा डिझेल जाळून फोडायची गरज नाही. वैशाखाचं ऊन आणि वळवाचा एक पाऊस ती फोडतो. हुमणी आणि अळ्यांचे कोष उघड्यावर येतात, नांगरामागं बगळे कसे चालतात ते तुम्ही पाहिलंच असेल. नंतर एक मोगडणी, एक पाळी, पुरे. खोल नांगरट दर वर्षी करायची नाही, मी तीन वर्षांतून एकदा करतो. रोटा मी विकलेला नाही, हळदीच्या गादीवाफ्याला आणि उसाच्या खोडव्याला तो लागतोच. सोयाबीनला मात्र नको.

पेरणी शक्य असेल तर बीबीएफ यंत्रानं करा. रुंद वरंबा आणि दोन्ही बाजूंना सरी. पाऊस कमी पडला तर सरीत मुरतो, जास्त पडला तर सरीतून निघून जातो. आणि पावसानंतर रानात शिरण्याआधी वापसा, म्हणजे ओल कामापुरती उतरलीय का, ते बघा. चार बोटं खालची माती मुठीत दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर चला. नुसता चेपला तर घरी जा, शेजारी रानात शिरला असला तरी. ओल्या काळ्या जमिनीत एक दिवस घाईनं चालवलेल्या चाकांचे माग मी पुढच्या पिकात मोजून दाखवू शकतो, तिथं झाडं वीतभर खुजी राहतात.

पाटण तालुक्यातून : आमचा रस्ता चढाचा. भरलेली ट्रॉली ओढताना पुढची चाकं उचलतात. मित्र म्हणतो बोनेटवर दोन माणसं बसव.

मित्राचं ऐकू नका. पुढं कंपनीचे लोखंडी वेट बसवून घ्या आणि ट्रॉलीत माल कमी भरा, दोन खेपा करा. ट्रॉली नेहमी खालच्या हुकालाच जोडलेली पाहिजे. फसलेली गाडी ओढताना साखळी वर कुठंतरी, टॉप लिंकच्या (अवजाराच्या वरच्या दांड्याच्या) जागी बांधतात, ते तर मरण ओढवून घेणं. मागच्या अॅक्सलच्या वरून ओढलं की ट्रॅक्टर स्वतःभोवतीच उलटा फिरतो. पुढची चाकं उचलल्यापासून सावरायला एक सेकंदही मिळत नाही, आणि दीड सेकंदात तो पाठीवर पडलेला असतो. चाकं हलकी वाटली त्याच क्षणी क्लच दाबा, विचार करत बसू नका.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे मी पाहिलेत. मागची ट्रॉली ढकलायला लागली की ब्रेक पुरत नाही आणि गिअर पडत नाही. तुमच्या भागात घाट आहेत म्हणून हे ठासून लिहितोय. नवा ट्रॅक्टर घेणार असाल तर सीटमागं लोखंडी कमान असलेला घ्या आणि बेल्ट लावा. कमान असेल तरच बेल्ट.

अर्धापूर तालुक्यातून : आप्पा, मजूर बायकांना ट्रॉलीतून नेऊ नका असं सगळे सांगतात. पण रान गावापासून चार किलोमीटर, बायका चालत यायला तयार नाहीत, दुसरा शेतकरी ट्रॉलीतून नेतो म्हणून त्याच्याकडं जातात. मग आम्ही करायचं काय?

या पत्राचं उत्तर मी दोनदा लिहून फाडलं.

४ एप्रिल २०२५. नांदेड जिल्ह्यातलं आलेगाव शिवार. हळदीच्या कामाला निघालेल्या बायकांची ट्रॉली ट्रॅक्टरसकट विहिरीत गेली. सात जणी गेल्या. त्या गुंज गावच्या होत्या, माझ्याच तालुक्यातल्या. मी त्या दिवशी हळद शिजवत होतो. बातमी आली तेव्हा माझ्या रानात चौदा बायका होत्या आणि त्या सकाळी माझ्याच ट्रॉलीतून आल्या होत्या. मी कुकरखालचा जाळ ओढून घेतला. संध्याकाळी त्यांना घरी पाठवायचं होतं आणि ट्रॅक्टरला चावी लावायला माझा हात जाईना. आम्ही सगळे चालत गावात आलो. कोणी बोललं नाही.

त्या दिवसापासून माझ्या ट्रॉलीत माणूस बसलेलं नाही. ट्रॉली मालासाठी आहे. तिला स्प्रिंग नाही, धरायला दांडा नाही, आणि अपघात झाला तर ट्रॉलीत बसलेल्या माणसासाठी विमा कंपनी हात वर करते. आता तुमचा खरा प्रश्न, मग न्यायचं कसं. मी शेजारच्या दोन शेतकऱ्यांना बसवून हिशेब मांडला. क्रूझर जीप सकाळ-संध्याकाळ मिळून हजार रुपये घेते, बारा जणी बसतात, म्हणजे एकीमागं ८४ रुपयांच्या आत. जीप दोघातिघांत वाटून घेतली की आणखी कमी. हळदीच्या एका क्विंटलपुढं ही रक्कम काहीच नाही. पहिल्या हंगामात मलाही बायका सोडून गेल्या. दुसऱ्या हंगामात परत आल्या, आणि आता त्या स्वतःच दुसऱ्या शेतकऱ्यांकडंही जीप मागतात. जिथं जीप जात नाही तो शेवटचा तुकडा पायी, आणि ती चालण्याची वेळ कामाच्या तासांत धरा. तेवढं केलंत की बायका चालायला तयार होतात.

विहिरीबद्दल. आपल्याकडं जुन्या विहिरींना कठडा नाही आणि काठावर गवत माजलं की विहीर दिसतही नाही. शिवाय विहीर खणताना निघालेला मुरूम आणि माती काठावरच पसरलेली असते. ती जमीन वरून घट्ट दिसते, पण ती भरावाची असते. पावसानं किंवा पाटाच्या पाण्यानं भिजली की ट्रॅक्टरच्या वजनानं काठ ढासळतो. मी माझ्या दोन्ही विहिरींभोवती वीस फुटांवर मोठे दगड मांडून चुन्यानं रंगवलेत. दगडांच्या आत ट्रॅक्टर जात नाही, मग तेवढी जमीन पडीक राहिली तरी चालेल. विहिरीकडं पाठ करून मागं घेणं तर कधीच नाही. कठड्याला पैसे लागतात, दगडांना फक्त एक दुपार लागते. या आठवड्यात मांडा.

मडगार्डवर बसणंही याच पत्रात आलं. मडगार्ड बसायला नाही. चाक खड्ड्यात गेलं की बसलेला माणूस पुढं पडतो आणि तो मोठ्या चाकाच्या बरोबर समोर पडतो. ड्रायव्हरला कळेपर्यंत चाक गेलेलं असतं. ट्रॅक्टरवर सीट एक, माणूस एक. नातू रडला तरी.

आणि पीटीओ, म्हणजे जोडलेलं यंत्र फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा शाफ्ट. हळद पॉलिशचा ड्रम असो की मळणीचा हडंबा, मागचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे फिरतो. म्हणजे सेकंदाला नऊ. 'अगं बाई' म्हणेपर्यंत पदराचे नऊ वेढे पडतात. मी सालगडी असताना हडंब्यापाशी एका मावशीचा पदर शाफ्टनं ओढला. मी सीटवरच होतो म्हणून पीटीओची दांडी ओढली. तिचं लुगडं अंगावरून फाटून गेलं, खांदा निखळला, जीव वाचला. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर मालकानं आदल्या हंगामात काढून टाकलं होतं, निपलला ग्रीस भरायला आडवं येतं म्हणून. ते कव्हर काही शे रुपयांत मिळतं. बसवा. शाफ्ट फिरत असताना एक माणूस सीटपाशी हवाच, आणि शाफ्टवरून ओलांडून जायचं नाही, ट्रॅक्टरला वळसा घालून जायचं.

एक गोष्ट आणखी. शेतकऱ्यासाठी राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यू झाला तर घरच्यांना २ लाख रुपये, एक हात किंवा पाय गेला तर १ लाख. पण ती खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला लागू आहे. ट्रॉलीत बसणाऱ्या बहुतेक बायकांचं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नसतं. त्यांच्या घरात त्यांचं मनगट हाच सातबारा. म्हणून त्यांना नेण्या-आणण्याची काळजी आपणच घ्यायची, ती दुसरं कोणी घेणार नाही.

कळमनुरीहून एक विद्यार्थी : मी नववीत आहे. मला ट्रॅक्टर चालवता येतो. बाबा म्हणतात सुट्टीत रोटा मार, आई नको म्हणते. कोणाचं ऐकू?

आईचं. अठरा पूर्ण होईपर्यंत सीटवर बसायचं नाही. तुला चालवता येतो हे मी मानतो. मलाही त्या वयात बैल, गाडी सगळं येत होतं. पण ट्रॅक्टर बिघडतो तेव्हा काय करायचं हे अजून तुझ्या अंगात मुरलेलं नाही, आणि ते शिकायचा रस्ता सीटवरून जात नाही, खालून जातो.

बाबांना हे पत्र वाचून दाखव आणि त्यांच्याकडून ट्रॅक्टरचं काम मागून घे, ट्रॅक्टर बंद असतानाचं. रोज सकाळी इंजिन थंड असताना ऑइलची पट्टी बाहेर काढ, पुस, परत घाल, बघ. रेडिएटरचं पाणी बघ, पण तापलेल्या इंजिनाचं झाकण कधी उघडू नकोस, वाफ तोंडावर येते. पुढच्या अॅक्सलचे निपल मोज, ग्रीसगननं जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत भर. चाकांचे नट पान्यानं चाचप. मग एक शंभर पानी वही कर. तारीख, तास दाखवणाऱ्या मीटरचा आकडा, किती डिझेल भरलं, कुठल्या रानात काय काम केलं. दर २५० तासांच्या आसपास इंजिन ऑइल बदलायचं असतं, तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात नेमका आकडा असेल तो वहीच्या पहिल्या पानावर लिही. महिन्याच्या शेवटी तासाला किती लिटर पडलं ते काढ, नांगरटीचं वेगळं, रोट्याचं वेगळं. हे गणित गावातल्या कोणाकडंच नसतं.

सुट्टी संपली की त्या वहीची दोन पानं मला पाठव. पुढच्या अंकात मी त्यावरच लिहीन.